झेल्डा, बेचाळिसाव्या वर्षी

'लहानपणीच्या आठवणी नसतील तर हे जुने व्हिडिओ गेम आता खेळण्यात मजा नाही', हे तुमचं म्हणणं मला काही पटलं नाही. आमच्याकडे '९९९९ इन १'ची पिवळी कॅसेट होती. तिच्यात मारिओ, काँट्रा आणि रणगाडे आलटूनपालटून. सेव्ह करायची सोयच नव्हती, लाइट गेले की पहिल्यापासून सुरू. त्यामुळे दिवसेंदिवस चालणारा 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा निन्टेन्डोचा १९८६चा साहसी गेम तेव्हा ऐकूनही माहीत नव्हता. गेल्या पावसाळ्यात, बेचाळिसाव्या वर्षी, तो हातात घेतला.

पहिले दोन दिवस नुसता वैताग. कुठे जायचं ते कोणी सांगत नाही. मग मुलीची आलेखवही ढापली आणि गेममधल्या एकेका पडद्याचा नकाशा काढत गेलो. झुडपं जाळून बघायची, बाँब लावून भिंती फोडायच्या. बाण मारला की दर बाणाला एक रुपी (गेममधलं चलन) कापला जातो, आणि तिथेही माझा हात आखडताच!

लांब कानांचा एक शत्रू आहे, पोल्स व्हॉइस. त्याला मोठा आवाज सहन होत नाही, असं माहितीपुस्तिकेत लिहिलंय. मी वेड्यासारखा बासरी वाजवत बसलो, तो ढिम्म. नंतर कळलं, फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी गेम-यंत्राच्या दुसऱ्या कंट्रोलरला माइक होता, त्यात ओरडलं की हे शत्रू मरायचे. अमेरिकन यंत्रातून माइक गेला, सूचना तेवढी राहिली. त्याला सरळ बाण मारा.

आता सातव्या गुहेत अडकलोय. कोणी उत्तर सांगू नका, प्लीज.