अनुभव धागा: उन्हाळी ट्रेकचा कार्यक्रम आखताना तुमचं काय चुकलं?

फेब्रुवारी उजाडला की आमच्या क्लबात भांडणं सुरू होतात. पावसाळ्याचं काही अवघड नसतं, कुठेही जा, हिरवंच असतं. हिवाळा म्हणजे तर डोंगरवाल्यांची दिवाळी. मार्च ते जूनचा पहिला आठवडा मात्र कागदावर कोराच राहतो. तरुण मंडळी म्हणतात, मुलांना सुट्या आहेत, याच दिवसांत जास्त ट्रेक हवेत. जुने म्हणतात, एप्रिलात घरी बसून दोर धुवा. गेल्या वर्षी ही यादी पहिल्यांदाच माझ्या गळ्यात पडली. हौसेने आठ ट्रेक छापले, त्यातले तीन झाले.

म्हणून हा धागा. टोपी घाला, पाणी प्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या हातून काय घडलं ते लिहा. सुरुवात माझ्या फजितीने करतो.

मेअखेरची पौर्णिमा शनिवारला लागून आली होती. मी जाहिरात केली: ‘भंडारदरा परिसर, काजवे आणि चांदणं, एकाच रात्री दोन्ही!’ चौतीस जणांनी पैसे भरले. रात्री नऊला झाडांखाली उभे राहिलो तर चांदणं असं लख्ख पडलेलं, की घड्याळ वाचता यावं. काजवे होते, पण कुणीतरी विझत आलेल्या उदबत्त्या लांबून दाखवाव्यात तसे. ज्यांच्या अंगणात जेवलो ते बाबा म्हणाले, “काजवं बघायचं व्हतं तर चांदोबाला कशाला आणलं संगं?” काजव्यांना अमावास्येच्या आसपासचा काळोख लागतो, हे मी चौतीस जणांच्या खर्चाने शिकलो.

कल्याण, रात्रीच्या ट्रेकांची जबाबदारी

चंद्राचा विषय निघालाच आहे तर एक भर घालतो. उन्हाळ्यात आम्ही कळसूबाई रात्रीच करतो. मध्यरात्री पायथ्याच्या बारी गावातून निघायचं, उजाडता माथा, आणि ऊन तापायच्या आत खाली. आमच्या आधीच्या चिटणीसांनी एकदा पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस धरला होता, शनिवार म्हणून. त्या काळात चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवत जातो. संध्याकाळी सातला निघालेली मंडळी अर्धा डोंगर अंधारात चढली, आणि चंद्र आला तेव्हा सगळे माथ्यावर घोरत होते. संध्याकाळी चढणार असाल तर पौर्णिमेच्या आधीचा शनिवार घ्या, पहाटे चढणार असाल तर नंतरचा. बस्स, एवढंच. पंचांग क्लबच्या कपाटात असू द्या.

आणि हो, शनिवारी रात्री वाटेतल्या लोखंडी शिड्यांवर गर्दी असते. शुक्रवार जमला तर बघा.

नाशिक, बावीस वर्षं क्लबात

आमचा धडा साल्हेरचा. १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. एप्रिलचा तिसरा आठवडा, एकोणीस जण. गडावर मुक्काम, सकाळी शेजारचा सालोटा किल्ला, असा बेत. मी स्वतः खालच्या गावात फोन केला होता. “गडावर पाणी आहे का?” “आहे ना, भरपूर.” म्हणून माणशी दोनच लिटर घेऊन चढलो.

पाणी होतं. भरपूरच होतं. हिरवंगार, वर शेवाळाची साय, आणि काठावर शेळ्यांच्या लेंड्या. फोनवरचा माणूस खोटं बोलला नव्हता, मीच अर्धवट विचारलं होतं. पंच्यातून दोनदा गाळून रात्री दहापर्यंत पाणी उकळत बसलो. गॅस त्यातच संपला, सकाळचा चहा गेला. सालोटा तर कुणी तोंडातूनही काढला नाही. सकाळी सातलाच उतरायला लागलो, तरी शेवटच्या टप्प्यात एकाच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की त्याला दोघांनी धरून आणावं लागलं.

तेव्हापासून फोनवर माझे दोन प्रश्न असतात. एक, तुम्ही स्वतः त्यातलं पिता का? दोन, तुम्ही शेवटचं वर कधी गेला होतात? दुसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा ‘शिवरात्रीला’ असं येतं. म्हणजे मधले दोन महिने कुणीच बघितलेलं नसतं. मग आमच्यातले दोघं आठवडाभर आधी जाऊन बघून येतात, मोटारसायकलचं पेट्रोल क्लब देतो. पेट्रोलवरून दर वर्षी सभेत एक जण बोलतोच, आणि तोच नेमका त्या गोळे आलेल्या पायांचा मालक आहे.

अकोले तालुका, पायथ्याच्या गावातून

मी ट्रेकर नाही. ट्रेकरांना जेवू घालतो. पोरीने हे लिहून दिलंय, बोलणं माझं आहे.

तुम्ही लोक पाण्याचं बोलताय ते गडावरचं. खालच्या पाण्याचं कोण बोलणार? पावसाळ्यात आमच्याकडं एवढा पाऊस, की भिंती ओल्या राहतात. आणि मे महिन्यात टँकरची वाट बघतो. विहिरीत पाणी झिरपतं, बाया हंडा भरायला तासतास बसतात. अशात चाळीस माणसांची बस येते. डोंगर उतरून आले की समदे तोंड धुणार, पाय धुणार, बाटल्या भरणार. त्यांना नाही म्हणता येत नाही, पाव्हणे आहेत. ते गेल्यावर घरात जे ऐकून घ्यावं लागतं ते मलाच माहीत.

दुसरं. चाळीस ताटं सांगतात, सव्वीस येतात. पिठलं कसंबसं खपतं, भाकरी काय करू? दोन वर्षांमागं एका क्लबाला मी सरळ सांगितलं, निम्मे पैसे आधी, आणि प्यायचं पाणी तुमच्या गाडीत. मला वाटलं आता हे येणार नाहीत. ते आले. वीस-वीस लिटरचे सहा जार घेऊन आले, आणि जाताना उरलेले दोन ठेवून गेले. त्यांना मी मेमध्येपण नाही म्हणत नाही. बाकीच्यांना सांगतो, जूनमध्ये या.

पुणे, प्रस्तरारोहण विभाग

वरचं वाचून आमच्या जुन्या हिशेबाच्या वह्या आठवल्या. जेवणाचे पैसे शेवटी ‘जे आले त्यांचेच’ दिल्याचं त्यांत लिहिलेलं आहे. यंदापासून नाही.

आता कातळाचं. ‘उन्हाळ्यात क्लाइंबिंग नको’ हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय आणि ते अर्धंच खरं आहे. आपला बेसॉल्ट काळा, दुपारी तव्यासारखा तापतो, पकडीवर बोटं टेकवत नाहीत. घामाने हात सटकतात ते वेगळंच. पण सह्याद्रीचे कोकणाकडे तोंड असलेले कडे पश्चिमेला बघतात, आणि पश्चिमेच्या भिंतीवर सकाळचं ऊन पोहोचतच नाही. आमच्या उन्हाळी यादीत किल्ल्यांच्या आधी दिशा असते: कुठली भिंत किती वाजेपर्यंत सावलीत. साडेपाचला पहिला माणूस लीडवर (म्हणजे सगळ्यांत पुढे चढायला), साडेदहाला दोर गुंडाळलेला. मध्ये कितीही रंगात आलेलं असो.

सगळं गणित बरोबर मांडूनही एकदा आम्ही पार फसलो. ठिकाणाचं नाव सांगत नाही, तिथे अजून पोरं सरावाला जातात. मार्चअखेर. सुळक्याच्या सावलीच्या बाजूला दोन टप्पे चढून झाले होते. बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा, मी. वरच्याने हाक दिली, “उजवीकडे काहीतरी काळं लोंबतंय.” आग्या मोहोळ. एक नाही, ओळीने तीन. ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाखाली, असल्यामुळे खालून दिसलीच नव्हती. आणि खाली, नेमकं त्याच वेळी, नव्या सभासदांपैकी कुणीतरी चहासाठी काटक्या पेटवलेल्या.

धूर चढायला लागला तसा तो आवाज आला. लांबून ट्रक घाटात चढतोय असं वाटावं. वरचा शहाणा, हलला नाही. भिंतीला चिकटून, तोंड जॅकेटमध्ये घालून तसाच राहिला, अकरा डंखांवर सुटला. खालची मंडळी हात झाडत पळाली, तिथे मोजदाद करायलाच नको. एकाचे ओठ आणि डोळे सुजले, श्वास लागायला लागला. गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करून लावलेली होती, म्हणून चाळीस मिनिटांत तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलो. तो वाचला. आता चढत नाही, पण वर्गणी भरतो.

त्यानंतर आमच्याकडे तीन गोष्टी आल्या. आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन एक माणूस अख्खी भिंत बघतो, विशेषतः ओव्हरहँगच्या पोटात. कातळाखाली चूल नाही, सिगारेट नाही, अत्तर नाही, बोंबाबोंब नाही. आणि नोंदणीच्या अर्जात ऍलर्जीचा रकाना. तो रकाना लोक मोकळा सोडतात, म्हणून फोन करून विचारतो.

डोंबिवली

काड्यापेटीवरून. मार्चपासून गवत वाळून कोळ झालेलं असतं. आम्ही एका माचीवर चुलीची राख ‘थंड झाली’ म्हणून सोडली. खाली पोहोचून वर बघितलं तर धुराची रेघ. सहा जण उलटे चढलो, ओल्या पोत्यांनी आणि झाडाच्या डहाळ्यांनी ती आग विझवली. तेव्हापासून उन्हाळ्यात चूल नाही. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या. कुणाला गरम हवं असेल त्याने डिसेंबरात यावं.

ठाणे, सांदणच्या वेळची लीडर

माझा अनुभव न झालेल्या ट्रेकचा आहे. मेचा शेवटचा आठवडा, सामरद गावात मुक्काम, सकाळी सांदणच्या घळीतून उतरून खालच्या डेहणे गावाला जायचं. दोर, हार्नेस, हेल्मेटं, सगळी जमवाजमव. अठ्ठावीस जण, त्यांतले निम्मे पहिल्यांदाच दोराला लटकणार म्हणून खूश.

पहाटे आभाळ स्वच्छ होतं. पण आदल्या संध्याकाळी कळसूबाईच्या बाजूला वीज चमकत होती, आणि गावातल्या आजींनी सहज म्हटलं होतं, “औंदा वळीव लवकर हाय.” सांदण म्हणजे जमिनीला पडलेली चीर. पाऊस वर कुठेतरी पडतो, पाणी आत येतं. खालचे टप्पे उतरून दोर ओढून घेतला की परतीची वाट बंद. मी ट्रेक रद्द केला. घळीत अर्ध्या वाटेपर्यंत जायचं, पहिल्या पाण्यापर्यंत, आणि परत.

दुपारी चारपर्यंत थेंब पडला नाही. बसमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. एकाने पैसे परत मागितले, दुसरा म्हणाला, “बाई लीडर असली की असंच.” पाचला घोटीच्या आसपास असा वळीव कोसळला की बस बाजूला घ्यावी लागली. तोपर्यंत आम्ही डेहण्यात पोहोचलोही असतो, म्हणजे त्यांचंही म्हणणं खोटं ठरलं नाही. मी पुन्हा तेच करेन. फक्त आता पत्रकातच छापते: ‘१५ मेनंतर सांदण लीडरच्या मर्जीवर, पैसे परत मिळणार नाहीत.’ आणि पर्यायी ट्रेक कोणता, तेही तिथेच.

कोल्हापूर

हिमालयाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही मेमध्ये हिमाचलमधल्या सार पास खिंडीला गेलो, साधारण ४२०० मीटर. सगळ्यांच्या रजा मोजून मापून घेतलेल्या, म्हणून मी वेळापत्रकातला राखीव दिवस काढून टाकला. विरळ हवा बाधू नये म्हणून तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे मी दुसऱ्यांना शिकवतो! आमच्यातला सर्वांत तगडा गडी तिसऱ्या रात्री डोकं धरून बसला, मग उलट्या. मी त्याला घेऊन खाली आलो. हजारभर मीटर उतरल्यावर तो पराठे खायला लागला. बाकीचे खिंड ओलांडून आले, फोटो दाखवले. छान आहेत.

रेल्वेचं आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. मेच्या ट्रेकची नावं मार्चच्या पहिल्या आठवड्यात पक्की नसतील तर राखीव दिवस सोडाच, जायचं तिकीटही मिळत नाही.

एडिंबरा, मूळची साताऱ्याची

इथल्या क्लबात आमचं दुखणं उलटं. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. मी सवयीने पहिल्या बैठकीत “पहाटे चारला निघू” म्हटलं, तर सगळे माझ्याकडे बघतच राहिले. इथे ऊन हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे मिज नावाच्या चिलटांचा, वारा पडला की ढगासारखी येतात. त्यामुळे इथे मुक्कामाची जागा वारा बघून निवडतात.

वेळेचा हिशेब मात्र मी इथून उचलला. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२मध्ये सांगितलेला ठोकताळा: सपाटीवर तीन मैलांना एक तास, वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. गेल्या एप्रिलात माहेरी आले तेव्हा अजिंक्यताऱ्यावर दुपारी अकराला तो लावून बघितला. दुप्पट वेळ लागला. आणि एक गंमत, बेन नेव्हिस हा अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर १३४५ मीटर, म्हणजे आपल्या तोरण्याहूनही बुटका. हे इथे सांगून झालंय. दोनदा.

पुणे, निवृत्त चिटणीस

माझ्याकडे पंचवीस-तीस वर्षांची एक वही आहे. आमच्या नेहमीच्या गडावर कातळात खोदलेलं टाकं आहे, आत उतरायला पायऱ्या. मार्च ते मे जो कुणी जाईल त्याने पाण्याच्या वर किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजून यायचं, एवढाच नियम. वहीत तारीख आणि आकडा, बाकी काही नाही. पाच दिसल्या तर मुक्काम, आठ दिसल्या तर फक्त सकाळचा ट्रेक, दहा दिसल्या की त्या गडाचं नाव पुढच्या पावसापर्यंत काढायचं नाही. उरलेलं पाणी माकडांचं आणि गुराख्यांचं.

माझे गुडघे गेले, आता वर जाणं होत नाही. वहीतली शेवटची नोंद गेल्या रविवारची, नातीने आणलेली: सात. या शनिवारी आमच्यापैकी कुणी जाणार असेल तर आठवी उघडी पडली का, तेवढं कळवा.