मदत हवी आहे : लांबच्या प्रवासानंतर सागरी मासे टाकीत कसे सोडावेत?

पार्सलने येणाऱ्या क्लाउनफिशच्या जोडीला प्रवासात साधारण 24 तास लागतील. विक्रेत्याच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचे माप) 1.018 आहे, माझ्या मुख्य टाकीचे 1.025. पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवता येईल. खरी अडचण पुढची आहे. बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सामू (pH) उतरतो आणि माशांच्या उत्सर्जनातून आलेला अमोनिया बराचसा कमी घातक अमोनियमच्या रूपात राहतो, परंतु पिशवी उघडताच सामू चढून अमोनिया पुन्हा विषारी होऊ लागतो, त्यामुळे पिशवीत टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळण्याची तासभराची पद्धत मला धोक्याची वाटते. मुरलेल्या (उपयुक्त जिवाणू वाढलेल्या) स्पंज फिल्टरची विलगीकरण टाकी तयार आहे, खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरही तपासून घेतला आहे, आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतणार नाही. मग विलगीकरण टाकीच 1.018 वर ठेवून मासे थेट सोडावेत का, आणि त्यानंतर खारटपणा 1.025 पर्यंत किती दिवसांत वाढवावी?