४० × २० फुटांचा जनरल वॉर्ड, पश्चिमेला खिडक्या: रंग, उजेड, उकाडा यांचं कसं करावं?

वॉर्ड_इनचार्ज (परभणी जिल्हा):
तालुक्याच्या गावातला जनरल वॉर्ड नव्यानं करायचाय. वर उघडा स्लॅब, लांब भिंत पश्चिमेला, तिला ४ खिडक्या. खाटा १२. दोन्ही लांब भिंतींना उशी करून दोन रांगा. मे महिन्यात दुपारनंतर पेशंटचा डोळा लागत नाही. रंगारी पिवळा नाहीतर पोपटी लावू म्हणतोय. पैसा आधी कुठं घालावा?

स्लॅब_आणि_सावली:
आधी स्लॅब, रंग नंतर. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली धग सोडतो, म्हणून पंख्याचा वारासुद्धा गरम लागतो. गळती बघून घ्या आणि मार्च लागायच्या आत वरून चुन्याचे २-३ हात मारा. फेविकॉल घातल्याशिवाय चुना टिकत नाही. बांबूच्या चिका (काड्यांचे पडदे) खिडकीच्या बाहेरून लावा. आतून पडदा लावला तर काच तापते आणि ती धग वॉर्डातच राहते. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी पाहिजेच, नाहीतर नुसता दमटपणा वाढतो. टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यातच होतो.

खिडक्यांबाहेर कडुनिंब लावाच. १९८४ साली संशोधक रॉजर उलरिक यांचा अभ्यास 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला होता. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. तुमच्याकडे झाड फक्त पूर्वेकडच्या रांगेला दिसेल. पश्चिमेकडच्यांच्या डोळ्यांसमोर पूर्वेची भिंत, तेव्हा चित्र लावायचं तर तिथं.

सिस्टर_मॅडम:
पिवळा अजिबात नको. पिवळ्या भिंतीच्या उजेडात कावीळ ओळखू येत नाही. गडद हिरव्या-निळ्यात ओठ निळे पडलेत का, तेही नीट कळत नाही. पांढरट रंग द्या, धुता येईल असा. ट्यूब खाटेच्या बरोबर वर नको. उताणं झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत ती रात्रभर खुपते. मधल्या वाटेवर घ्या, दर दोन खाटांना वेगळं बटण द्या. रात्रीसाठी जमिनीपासून फूटभर उंचीवर मंद पिवळसर दिवा. तपासणीच्या दिव्याचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० च्या वरचा घ्या.

आणि १२ खाटांचा हट्ट सोडा. ४० फुटांत ६ म्हणजे एका खाटेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत पावणेसात फूटसुद्धा नाही. रांगेत ५ ठेवल्या तर ८ फूट मिळतात, सलाईनचा स्टँड उभा राहतो आणि रात्री नातेवाइकाला वळकटी टाकता येते.

फरशी_फिटिंग:
संडासाचं दार बाहेर उघडणारं हवं. पेशंट आत पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. पॉलिश ग्रॅनाइट नको, खरखरीत टाइल घ्या. कमोडशेजारी पकडायला दांडा, पण तो विटेत पक्का बसवा. नुसत्या टाइलवर स्क्रू मारला तर वजन पडताच उखडतो.