कोल्हापूरच्या उन्हाळ्यात फ्रेंच रेड वाईन ठेवायची कुठं?

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी. मेहुण्यानं फ्रान्सहून येताना दोन बाटल्या आणल्या. एकीवर ‘सेंत-एमिलियों ग्रां क्रू 2016’ लिहिलंय, दुसरीवर ‘बोजोले-व्हिलाज’. तो म्हणतो, जेवढी ठेवशील तेवढी मुरेल. आमचा फ्लॅट राजारामपुरीत, वरच्या मजल्यावर, पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर. थोरल्या लेकीच्या लग्नापर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, दोन्ही ठेवाव्यात असा विचार आहे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर चालतील का? रविवारी पाहुणे आहेत, तांबडा-पांढरा होईलच. त्यात एखादी उघडावी का?

जुना_वाडा:
माळ्यावर नको भावा, भाजून निघतील. आमच्या वाड्याला तळघर हाय, मे महिन्यातबी गार. आणून ठेव बिनधास्त.

काचेचा_पेला:
दादा, मी पुण्यात हॉटेलात वाईन सर्व्हिसला होते, आता इथंच घरगुती जेवणावळी करते. मनापासून सांगते, बोजोले अजिबात ठेवू नका. ती गामे द्राक्षाची, तरुणपणीच प्यायची वाईन. रविवारी तीच उघडा, 13-14 अंशांपर्यंत गार करून. पण तांबड्याबरोबर नको. तिखटावर अल्कोहोल जास्तच जाळतं आणि रेडचा तुरटपणा कडवट लागतो. पांढऱ्या रश्श्याबरोबर, किंवा चटणी हात राखून घातलेल्या सुक्याबरोबर द्या.

आता सेंत-एमिलियों, हे फ्रान्सच्या बोर्दो या वाईन-प्रदेशातलं गाव. तिथं ‘ग्रां क्रू’ हे अपेलासियोंचं, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या वाईन-भागाचं नाव आहे, मानांकन नव्हे. मानांकन मिळालेल्या वाईनवर ‘ग्रां क्रू क्लासे’ असं असतं. ती यादी 1955 पासूनची, ठरावीक वर्षांनी तपासतात, अलीकडची 2022 ची. बोर्दोची 1855 ची प्रसिद्ध यादी वेगळी, तिच्यात सेंत-एमिलियों नाहीच. तरी तुमची बाटली कमी समजू नका. 2016 हे बोर्दोचं फार चांगलं वर्ष, आणि तिथली वाईन मुख्यतः मेर्लो द्राक्षाची, जोडीला काबेर्ने फ्रां द्राक्ष. चांगल्या उत्पादकाची असेल तर सात-आठ वर्षं सहज टिकेल, फक्त ती सात-आठ वर्षं 12-13 अंशांत जायला हवीत.

मुरतं म्हणजे काय होतं, तर टॅनिनचे, म्हणजे रेडला तुरटपणा देणाऱ्या घटकाचे रेणू एकमेकांना धरून मोठे होतात आणि गाळ बनून तळाशी बसतात. कोरा कडक चहा प्यायल्यावर जीभ आवळते तसा जो तुरटपणा असतो, तो हळूहळू मऊ होतो. उन्हाळ्यात हेच घाईनं होतं आणि फळाचा सुगंध शिजून जातो. शिवाय गरम झालेली वाईन फुगते, बूच वर ढकलते, मग हवा आत शिरते. एका मे महिन्यात एवढं पुरतं.

तळघराचं म्हणाल तर वाडावाले दादा, गारवा चांगला, पावसाळी दमटपणाही बुचाला मानवतो, फार तर लेबल बुरसेल. पण वाडा नदीकडच्या पेठेत असेल तर 2019 आणि 2021 आठवा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या बाटलीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

जुना_वाडा:
वाडा वरच्या अंगाला हाय ताई, पाणी येत न्हाई. पण मोजलं कधीच न्हाई.

काचेचा_पेला:
मग साधा थर्मामीटर ठेवून बघा, एप्रिल-मे, सकाळ-संध्याकाळ. पारा वर-खाली होत राहिला तर ते 20 अंशांवर स्थिर राहण्यापेक्षा वाईट. स्थिर असेल आणि 20 च्या आत, तर बाटली आडवी, अंधारात, निवांत ठेवा. नाहीतर वाईनचा छोटा फ्रिज. घरचा फ्रिज काही महिन्यांपुरता ठीक. वर्षानुवर्षं ठेवली तर तिथल्या कोरड्या हवेनं बूच सुकतं.

रंकाळा_काठ:
ताई, एवढं जमणार नाही. लेकीच्या लग्नाची वाट न बघता दिवाळीला उघडतो. कशी द्यायची ते सांगा.

काचेचा_पेला:
उत्तम निर्णय. आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ खाली बसू दे. ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे तिकडच्या गार घरांतलं, आपल्या घरातलं नव्हे. 16 ते 18 अंश धरा. त्यासाठी तासभर फ्रिजमध्ये, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं. बूच सावकाश काढा. साबणाचा वास नसलेल्या काचेच्या भांड्यात हलक्या हातानं ओता, बाटलीच्या मानेखाली मोबाइलची बॅटरी धरा, गाळाची रेघ मानेशी आली की थांबा. अर्धा तास त्या भांड्यात राहू दे, मध्ये मध्ये चाखत राहा. पहिला घोट बंद-बंद लागेल, मग आलुबुखारासारखं फळ, थोडा मातकट वास येऊ लागेल. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बुचानं वाईन बिघडवलीय, पाहुण्यांना देऊ नका.

पेला तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरू नका. बरोबर तव्यावर मिरपूड-मिठात भाजलेल्या मटण चॉप्स करा, मांसातल्या प्रथिनांनी टॅनिन मऊ लागतं. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.