मुलांच्या टीमसाठी पैसे गोळा केलेत का कधी? किस्से येऊ द्या

माळा_आवरतेय
आज माळा आवरताना जुन्या बुटांच्या खोक्यात एक तिकीटपुस्तक सापडलं. सोडतीचं. २५ तिकिटांचं, त्यातली ११ फाडलेली आणि १४ तशीच करकरीत. लेक तेव्हा १३ वर्षांखालच्या फुटबॉल टीममध्ये होती, बाहेरगावी स्पर्धा, बस, राहणं, एंट्री फी वगैरे, आणि प्रत्येक मुलीच्या घरी एकेक पुस्तक दिलेलं, खपवा नाहीतर भरा. मला कुणाकडे काही मागायचं म्हटलं की घशात आवंढाच येतो. पहिली चार भावंडांच्या गळ्यात मारली, ती हक्काची. मग ऑफिस. एक सहकारी तर मला पुस्तक घेऊन येताना बघून फोन कानाला लावून "हां हां बोला" करायला लागला आणि तेवढ्यात तोच फोन वाजला! शेजारच्या काकूंनी मात्र दोन घेतली, पण मग पुढे वर्षभर जिन्यात भेटल्या की "काय गं, लागला का निकाल?" उरलेल्या १४ चे पैसे मीच गुपचूप भरले, नवऱ्यालाही सांगितलं नाही आणि लेकीला सांगितलं की सगळी खपली. पुस्तक लपवलं ते आज हातात आलं. इतकी वर्षं झाली तरी पोटात गोळा आला बघा. तुम्ही केलंय का असलं काही?

अर्धी_रजा
म्हणजे १४ तिकिटांचे पैसे भरलेस आणि ती सोडतीत टाकलीच नाहीस?? बक्षीस लागलं असतं तर?

माळा_आवरतेय
अगं सुचलंच नाही. पैसे देऊन कधी एकदा सुटते असं झालेलं.

गोलीची_आई
सोडतीचं नावच काढू नका. आमच्याकडे पहिलं बक्षीस सायकल. चिठ्ठी काढली एका चिमुरडीने, डोळ्यांवर पट्टी बांधून, सगळ्यांसमोर, आणि निघाला कोण, तर खजिनदारबाईंचा नवरा. मैदानात अशी शांतता की शिट्टी तोंडात धरलेले सर पण शिट्टी विसरले. बाई बिचाऱ्या रडायच्या बेतात. सायकल परत दिली त्यांनी, पुन्हा चिठ्ठी काढली, तर त्यांच्या जावेला. मग तिसऱ्यांदा काढली. अजूनही आमच्यात कुणाचं नशीब जोरावर असलं की "खजिनदार झालास का" म्हणतात

बाकावरचा_बाबा
🤣🤣 जावेला!!

चष्मा_कुठेय
कुणाकडे ४ नंबरचे फुटबॉलचे बूट आहेत का वापरलेले? धाकट्याचे पाय महिन्यागणिक वाढतायत, नवीन घ्यायची हिंमत नाही. सॉरी विषय सोडून विचारतेय

हिशेबनीस
मी तीन वर्षं खजिनदार होतो, जरा मोठं लिहितोय. पहिल्या वर्षी मी गाढवपणा केला, स्वतःच्याच खात्याचा क्यूआर कोड दिला. सोपं पडेल म्हणून. झालं काय, टीमचे पैसे, घराचं भाडं, बायकोने पाठवलेले, सगळं एका ओळीत. एक पै इकडची तिकडे नव्हती पण दाखवणार कसं? कुणी तोंडावर काही बोललं नाही हो, तेच तर. मी आलो की बोलणं थांबायचं. त्या सुमारास आम्ही घरी नवा फ्रिज घेतला तर एका बाईंनी मुलीला विचारलं म्हणे, "फ्रिज केवढ्याचा गं?" रात्री दोन वाजेपर्यंत बसून वहीत सगळं उतरवलं, पावतीला पावती लावली आणि ग्रुपवर टाकलं. एकाने अंगठा दाखवला, बाकीच्यांनी उघडून पण बघितलं नसेल. पुढच्या वर्षी टीमच्या नावाचं वेगळं खातं, दोघांच्या सह्या, रोकड मोजायला नेहमी दोन माणसं आणि त्यातलं एक माझ्या नात्यातलं किंवा दोस्तीतलं नको, मोजून झालं की तिथंच कागदावर आकडा आणि सही. मग कुठे झोप लागली. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि वर भाकऱ्या मोजून पण दाखवायच्या

गोलीची_आई
दादा शेवटची ओळ फ्रेम करून लावते 🙏

बाकावरचा_बाबा
आमच्याकडे फेऱ्यांची आयडिया होती. मुलं मैदानाला फेऱ्या मारणार आणि नातेवाईक प्रत्येक फेरीमागे अमुक पैसे देणार. माझ्या आत्याला वाटलं पोरगं मारून मारून सहा फेऱ्या मारेल, तिने फुशारकीने दणदणीत आकडा सांगितला. पोराने ३१ मारल्या. मी कडेला उभा राहून हात जोडतोय, बस कर बाळा, आत्याचं पेन्शन आहे. त्याला वाटलं मी टाळ्या वाजवतोय, अजूनच सुटला. ४०० मीटरची फेरी, ३१ म्हणजे १२.४ किलोमीटर झाले!

गणित_कच्चं
४०० मीटर फक्त सगळ्यात आतल्या लेनला हं. आठव्या लेनमधून पूर्ण फेरी मारली तर साडेचारशेच्याही वर जाते. म्हणून तर धावायला सुरुवात करताना बाहेरच्याला पुढे उभं करतात.

बाकावरचा_बाबा
आत्याला सांगू नका, फेरीमागे जास्त द्यावे लागतील 😂

सकाळी_पळतो
फेऱ्यांवरून टेरी फॉक्स आठवला. कॅनडाचा पोरगा, कॅन्सरमुळे एक पाय कापलेला, १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश पार करायला निघाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि मग कॅन्सर फुप्फुसात गेला म्हणून थांबावं लागलं. देशातल्या प्रत्येक माणसाने एक डॉलर द्यावा एवढंच त्याचं मागणं होतं, आणि १९८१ साली तो जायच्या आधी तेवढे म्हणजे २.४ कोटींच्या वर जमले पण. आपण २५ तिकिटांना घाबरतो.

माळा_आवरतेय
हो पण त्याला ऑफिसमधल्या फोनवाल्याकडे नव्हतं ना जायचं

अर्धी_रजा
आणि मोठ्यांनाही सुटलं नाहीये हे. जमैकाची बॉबस्ले (बर्फावरून घसरगाडी पळवायचा खेळ) टीम १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये टीशर्ट विकत होती खर्च भागवायला. पुढे २०१४ ला सोचीसाठी तर इंटरनेटवर लोकांनी कुत्र्याचं चित्र असलेलं ते डोजकॉइन, म्हणजे डिजिटल चलन, गोळा करून दिलं त्यांना. बरं, कुकरची तिसरी शिट्टी झाली, येते

शिट्टीवाला
मी कोच आहे, माझी चूक सांगतो. कुणी किती जमवले त्याचा तक्ता कपडे बदलायच्या खोलीत लावला होता मी. चुरस लागेल म्हणून. आमचा डावा बॅक, चांगला खेळायचा, तो त्या भिंतीकडे पाठ करून बूट बांधायला लागला. मला आठवडाभर कळलंच नाही. मग तक्ता नीट वाचला तर त्याच्यासमोर शून्य. वडील रात्रपाळीला, आई आजारी, तो कुणाकडे जाणार पुस्तक घेऊन? तक्ता काढला. पण त्याने बघायचं ते बघितलंच होतं, पुढच्या हंगामात आला नाही तो.

नाव_नको
मी वाचून गप्प बसणार होते पण वरचं वाचून लिहितेय. मी तो शून्यवाला मुलगा नाही पण तसलीच मुलगी. व्हॉलीबॉल. आमच्या घरून एकदाही पैसे गेले नाहीत आणि मला वाटायचं बाबा भरतात. बाबांना वाटायचं सरांनी फी माफ केली असेल. खरं म्हणजे पालकांनी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं, जमलेल्यातला एक हिस्सा बाजूला काढायचा आणि तो कुणाला जातो ते फक्त दोघांनाच माहीत. मला कळलं कधी, तर लग्न झाल्यावर, त्या दोघांतल्या एक काकू सहज बोलून गेल्या. त्यांना वाटलं मला माहीत आहे. मी घरी येऊन टीमचा फोटो काढून बघत बसले. आम्ही १२ जणी त्यात, सगळ्यांचे गुडघ्याचे पॅड सारखेच.

हिशेबनीस
ताई, आमच्याकडेही आता हेच करतो. दोघांनाच माहीत.

गोलीची_आई
🙏🙏

गणित_कच्चं
जरा हसवतो. आमच्या पोरांच्या जर्सीला स्पॉन्सर मिळाला, कोण, तर हाडांचा डॉक्टर. पाठीवर भलं मोठं "हाड मोडलं? आम्ही आहोत" आणि खाली एवढासा नंबर. रेफ्रीला नंबरच दिसेना, फाउल कुणाला द्यायचा म्हणून प्रत्येक वेळी जवळ जाऊन वाकून वाचायचा. समोरच्या टीमची पोरं मात्र टॅकल करायला कचरायची, त्यामुळे हंगाम बरा गेला!

चष्मा_कुठेय
😂😂 बूट?

शिट्टीवाला
बूट ४ नंबर आहेत आमच्या क्लबच्या पेटीत. धुवून ठेवलेत, मेसेज करा. पैसे नकोत, मोठे झाले की परत पेटीत टाका.

माळा_आवरतेय
लेकीला आत्ता त्या पुस्तकाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, मला माहीत होतं. मी खोक्यात बघितलं होतं. म्हणून तर पुढच्या वर्षी मी घरोघरी जाऊन गाड्या धुतल्या." मला इतकी वर्षं वाटत होतं तिला गाड्या धुवायला आवडतात