मदत हवी आहे: स्नोशू शर्यतीचा सराव ठाण्यात कसा करावा? (तातडीचे)

घोडबंदरकर | २४ नोव्हेंबर, रात्री ११:४०

शर्यत ६ जानेवारीला आहे. स्नोशू (पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) आलेत. गच्चीवर घालून पळून पाहिलं. दर आठ-दहा पावलांनी उजवी चौकट डाव्या घोट्यावर आपटते, पुढचं टोक अडकतं आणि दहा मिनिटांत नडगी भरून येते. व्हिडिओत सगळे बर्फात पळताना दिसतात, आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात.

दोन हाफ मॅरेथॉन झाल्या आहेत, त्यामुळे 'आधी चालायला शिका' हा सल्ला नको. सहा आठवड्यांत काय करू, तेवढं नेमकं सांगा. लवकर सांगा प्लीज.

---

गिरिजा_नेरूळ | २४ नोव्हेंबर, रात्री ११:५८

लवकर सांगायला काहीतरी माहिती द्या की. अंतर किती? शर्यत कुठे? स्नोशूची लांबी-रुंदी? तुमचं वजन? बूट कोणते? पाय ज्यात बांधता तो भाग स्प्रिंगसारखा परत येतो की मोकळा लोंबतो?

आणि गच्ची म्हणजे टाइल्स ना? खालचे दाते बर्फात रुततात म्हणून चौकट सपाट बसते. टाइल्सवर तुम्ही दात्यांवर उभे राहता, चौकट डगमगते आणि टोक खाली जातं. टाइल्सही जातील, दातेही बोथट होतील. ते आधी बंद करा.

---

कळवाकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

गुलमर्गला चाललात वाटतं. मग स्नोशू राहू द्या बाजूला, उंचीचं बघा. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे, हवेचा दाब ठाण्याच्या पाऊणपट. खाडीकाठच्या माणसाने तिथे आदल्या रात्री पोचून सकाळी पळायचं म्हणजे पहिल्या चढाला फेफे. किमान चार-पाच दिवस आधी जा. पहिले दोन दिवस नुसतं चाला, पाणी भरपूर प्या. आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स सुरू करून टाका.

---

औषधांचा_डबा | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

कळवाकर, शर्यतीच्या धाग्यावर असं लिहू नका हो. डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड. ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि तो सगळा गट वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) प्रतिबंधित यादीत येतो, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. उत्तेजक चाचणी असलेल्या शर्यतीत वैद्यकीय सवलतीची परवानगी न काढता घेतलं तर सरळ बाद. शिवाय सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

---

कळवाकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

हौशी शर्यतीत कोण चाचणी घेतंय!

---

औषधांचा_डबा | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:२४

शर्यत हौशी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? धागाकर्त्याने तर गावसुद्धा सांगितलेलं नाही.

---

फिरस्ती_वाशी | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

काश्मीरला जाताना पोस्टपेड सिम घ्या, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. टांगमर्ग ते गुलमर्ग १३ किमी. बर्फ पडला की साध्या गाड्या टांगमर्गलाच थांबवतात, पुढे साखळ्या लावलेली गाडी वेगळी करावी लागते. गोंडोलाचं (तिथल्या रोपवेचं) तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

---

दम_लागला | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

एवढं काय त्यात? एकेक किलोची वजनं घोट्याला बांधायची आणि रोज तलावपाळीला दहा फेऱ्या. सहा आठवड्यांनी स्नोशू पिसासारखे वाटतील.

---

गिरिजा_नेरूळ | २५ नोव्हेंबर, दुपारी १:५०

सहा आठवड्यांनी फिजिओचं बिल वाटेल. पायात दर १०० ग्रॅम वाढले की पळण्याचा खर्च साधारण एक टक्का वाढतो, हा जुना आणि बऱ्यापैकी टिकलेला हिशेब आहे. एक किलो म्हणजे दहा टक्के, तेही डांबरावर, प्रत्येक पावलाला गुडघ्याला झटका देत.

शिवाय स्नोशूत अवघड काम वजन पेलण्याचं नसतं. पाय नेहमीपेक्षा जरा रुंद ठेवावे लागतात आणि गुडघा वर उचलावा लागतो. मांडीच्या आतले स्नायू, जांघेचा पुढचा भाग आणि नडगीचा स्नायू आधी थकतात. वजन बांधून सरळ रेषेत पळालं तर यातल्या रुंद पावलाचा सराव अजिबात होत नाही.

---

मुक्काम_उरण | २५ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

बर्फ नाही तर वाळू आहे. नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल पकडा, पुढे पीरवाडीच्या किनाऱ्यापर्यंत रिक्षा. ओहोटीची वेळ बघून जा. भरतीच्या रेषेच्या वर कोरडी, भुसभुशीत वाळू असते, ती आपली. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, तिथे पळून फायदा नाही.

पहिल्या दोन खेपा नुसत्या बुटांवर, २५ मिनिटं. तिसऱ्यापासून स्नोशू घालून पाच मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, असं चार वेळा. पावलं लहान. टाच आपटू नका, पूर्ण पाऊल सपाट टेकवा. दगड-शिंपल्यांचा पट्टा टाळा, दाते जातात.

घरी आल्यावर बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून बकल आणि बिजागरीतली वाळू काढायची, पुसून सुकवायचे आणि दात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. खारं पाणी राहिलं तर आठवड्यात रिव्हेटभोवती गंज दिसतो.

---

एसी_१६ | २५ नोव्हेंबर, रात्री ९:०२

रोज रात्री एसी १६ वर लावून झोपायचं आणि सकाळी बर्फाच्या पाण्याने आंघोळ. थंडीची सवय होते. नाहीतर मॉलमधल्या स्नो पार्कात सराव करा.

---

घाटवाट | २५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मॉलमधल्या बर्फात घसरगुंडीवरची पोरं असतात, तिथे लोखंडी दाते घेऊन कोणी आत सोडणार नाही. आणि पळताना थंडीचा प्रश्न उलटा असतो: माणसं जास्त कपडे घालतात, दहा मिनिटांत आतून भिजतात आणि थांबल्यावर गारठतात. सुरुवातीच्या रेषेवर थोडी हुडहुडी भरली तर कपडे बरोबर आहेत समजायचं. आत लोकरी किंवा पॉलिस्टरचा थर, वर वारा अडवणारं पातळ जाकीट. सुती बनियन नाही म्हणजे नाही.

---

शब्दवेडा | २५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

अवांतर: स्नोशूला मराठीत 'हिमपादुका' म्हणावं का?

---

दम_लागला | २५ नोव्हेंबर, रात्री १०:१४

पादुका म्हटल्यावर त्या पळवायच्या की पुजायच्या?

---

शब्दवेडा | २५ नोव्हेंबर, रात्री १०:१९

बरं, 'बर्फफळ्या'. हा ऑलिम्पिकमधला खेळ आहे का पण?

---

औषधांचा_डबा | २५ नोव्हेंबर, रात्री १०:३१

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये नाही. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये (बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धेत) आहे. मार्च २०२५ मध्ये तुरिनला आपल्या खेळाडूंनी त्यात पदकं मिळवली आहेत.

---

घोडबंदरकर | २६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

गुलमर्ग कोण म्हणालं?? शर्यत इटलीत आहे. ला चास्पोलादा, त्रेंतीनोतलं नोनचं खोरं. स्पर्धात्मक गटात नाव आहे, साधारण ८ किमी. ६ जानेवारी लिहिलं म्हणजे कळेल असं वाटलं होतं.

वजन ७४. स्नोशू ८ बाय २५ इंच, किराणावाल्याच्या काट्यावर जोडी १ किलो ८०० ग्रॅम भरली. बूट रोजचेच, रस्त्यावर पळायचे. पाय बांधायचा भाग स्प्रिंगसारखा परत येतो. घालून काढलेला फोटो टाकतोय.

---

फिरस्ती_वाशी | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मग सिमचं राहू द्या. व्हिसा झालाय का?

---

घोडबंदरकर | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:०८

झालाय. सरावाचं बोला.

---

घाटवाट | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

हे पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर निम्मा धागा वाचला असता. ही १९७३ पासून चालणारी शर्यत आहे. 'चास्पोले' म्हणजे तिकडच्या बोलीत स्नोशूच. शर्यतीचं फोंदो गाव हजारेक मीटरवर आहे, म्हणजे उंचीचा विषय संपला. माथेरान चढून दम लागत नसेल तर तिथेही उंचीने लागणार नाही.

आता कामाचं. हजारो हौशी लोक चालायला येतात, म्हणून वाट तुडवलेली, घट्ट असते. बर्फ कमी पडलेल्या वर्षी कृत्रिम बर्फाची पट्टी करतात, ती तर आणखी कडक. अशा बर्फावर मोठी चौकट नुसतं ओझं. २५ इंची चौकट भुसभुशीत बर्फात तरंगायला असते. शर्यतीची चौकट ७ बाय २१च्या आसपास आणि शेपटीकडे निमुळती असते, जोडी १.१ ते १.२ किलो. म्हणजे पायामागे ३०० ग्रॅम कमी, गिरिजाताईंच्या हिशेबाने तीन टक्के.

फार छोटी मात्र चालत नाही. अमेरिकन स्नोशू संघटनेचा नियम किमान १२० चौरस इंच पृष्ठभागाचा आहे, स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये चौकट किमान ७ बाय २० इंच लागते. तुमच्या शर्यतीची मापं आणि काठ्या चालतात का, हे नियमावलीत बघा.

दुसरं, जे तुम्ही नक्की केलेलं नसणार: इटलीत स्पर्धात्मक गटात उतरायला खेळासाठीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. तिथल्या पद्धतीत विश्रांतीचा आणि श्रमानंतरचा ईसीजी, फुप्फुसांची क्षमता आणि लघवीची तपासणी येते. परदेशी स्पर्धकासाठी कोणता नमुना चालतो ते आयोजकांना आजच मेल करून विचारा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे उत्तर द्यायला कोणी नसतं.

---

कळवाकर | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

सहा आठवड्यांवर आल्यावर नवी जोडी? शर्यतीत नवीन काही घालायचं नाही, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. आहे तीच वापरा.

---

घाटवाट | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

सहा आठवडे म्हणजे आदली रात्र नव्हे. आणि तिथे भाड्यानेही मिळतात. मात्र भाड्याच्या जोड्या बहुतेक चालण्याच्या, प्लास्टिकच्या आणि जड असतात.

---

गिरिजा_नेरूळ | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

भांडण थांबवा, फोटो नीट बघा. डावा-उजवा उलटा घातलाय. दोन्ही बकल आणि पट्ट्यांची मोकळी टोकं आतल्या बाजूला आहेत, ती बाहेर हवीत. या चौकटींची आतली कड थोडी कापलेली असते, पाय एकमेकांना घासू नयेत म्हणून. उलट घातल्यावर फुगीर कड आत आली, ती घोट्यावर आपटणारच. वर बकलचा धक्का.

दुसरं, पाय फार पुढे गेलाय. बुटाचं नाक चौकटीतल्या भोकाच्या पुढच्या कडेवर चढलंय. पाय उचलला की नाक त्या भोकातून खाली जायला हवं. ते डेकला (चौकटीत ताणलेल्या पृष्ठभागाला) अडतं आणि टोक जमिनीत घुसतं. मग तुम्ही प्रत्येक पावलाला बोटं वर ओढून धरता, म्हणून नडगी भरते.

असं बांधा: सगळ्या पट्ट्या पूर्ण सैल करा. पंज्याचा रुंद भाग, अंगठ्यामागचा उंचवटा, बरोबर आडव्या पट्ट्यावर आणि त्याखालच्या दात्यांवर आणा. पाय उचलून नाक मोकळं खाली जातं का बघा. मग आधी पुढच्या पट्ट्या, नंतर टाचेची. टाचेची पट्टी तळव्याच्या कडेवर नको, त्याच्या जरा वर बसवा. उरलेली टोकं खोचून टाका. दहा मिनिटं पळून पुन्हा आवळा, कारण पट्ट्या ताणतात. शर्यतीत जाड मोजे घालणार असाल तर सरावातही तेच, कारण त्यांनी बूट अर्धा नंबर मोठा लागतो आणि पट्टीचं भोक बदलतं.

हे सगळं गवतावर तपासा. सोसायटीच्या लॉनवर नको, सेक्रेटरी धावून येतील.

---

घोडबंदरकर | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

सेक्रेटरी ऑलरेडी आलेत. टाइल्सचा खर्च मागतायत.

---

घाटवाट | २६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

आता आठवड्याचा हिशेब.

मंगळवारी येऊर. उपवनकडून वर जाणाऱ्या रस्त्यावर तीन मिनिटं चढ, गुडघे उंच, पावलं लहान, उतरताना चालत. सहा वेळांपासून सुरू करून चौथ्या आठवड्यात आठ. उजाडल्यावर जा, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि बिबट्याला तुमच्या शर्यतीची तारीख माहीत नाही.

गुरुवारी घरी ताकद. पायांना रबरी पट्टा लावून आडवी पावलं दोन्ही बाजूंना २०-२०, तीन वेळा. तोच पट्टा पंज्याला अडकवून गुडघा वर ओढणं १५-१५. टाचांवर चालणं ३० पावलं, तीन वेळा, नडगीसाठी. एका पायावर टाच उचलणं १५-१५. कंटाळून यातलं काही गाळायचं झालं तर आडवी पावलं गाळू नका.

शनिवारी किंवा रविवारी उरणची वाळू, वर सांगितलंय तसं, चौथ्या आठवड्यापर्यंत स्नोशूवर सलग ३५ मिनिटं. बाकी दोन दिवस साधं सावकाश पळणं. शेवटचे दहा दिवस निम्मं करा. वाळूवर किलोमीटरचा वेग बघू नका, निराश व्हाल. हृदयाच्या ठोक्यांवर पळा.

शर्यतीत पहिले तीनशे मीटर सगळे जीव खाऊन सुटतात, कारण वाट पुढे अरुंद होते. तिथे फुकट दम घालवू नका. पण फार मागेही राहू नका, कारण कडेच्या मऊ बर्फात उतरून पुढे जाणं महागात पडतं. मागून कोणी आवाज दिला तर बाजूला व्हा. पाण्याची नळी असेल तर घोट घेतल्यावर फुंकून पाणी परत पिशवीत ढकला, नाहीतर नळीतच गोठतं. पाठीवर बर्फ उडेल, स्प्रिंगसारख्या परत येणाऱ्या बांधणीत शेपूट फटकारतंच. त्यामुळे जाकीट कमरेखाली येणारं घ्या.

---

मुक्काम_उरण | २६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

+१. रविवारी गर्दी असते, शनिवारी सकाळी या.

---

घोडबंदरकर | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

डावा-उजवा बदलला, पाय मागे घेतला. पीरवाडीला वीस मिनिटं. घोट्याला एकदाही लागलं नाही, टोक एकदाच अडकलं. नडगी ठीक. २१ इंची जोडी मागवली आहे, प्रमाणपत्रासाठी मेल टाकलाय.

आता एकच सांगा, हे विमानात केबिनमध्ये नेता येतात का?

---

गिरिजा_नेरूळ | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

लोखंडी दाते? चेक-इन बॅगेत टाका, दात्यांवर जुना टॉवेल गुंडाळून. बूट आणि मोजे मात्र केबिनमध्ये ठेवा. बॅग हरवली तर स्नोशू तिथे भाड्याने मिळतील, तुमच्या पायाला बसलेले बूट मिळणार नाहीत.

---

कळवाकर | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:४१

जुनी २५ इंची विकणार आहात का? मला फेब्रुवारीत गुलमर्गला लागतील.