मदत हवी आहे : ओम्नीच्या मागच्या एक्सलचं बेअरिंग, मेस्त्री कॉलर गॅसने कापायची म्हणतोय

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ओम्नी, २०११ ची, ७९६ सीसी, पेट्रोल. राहायला चिपळूण. गाडी घरच्या धंद्याला आहे, माल घेऊन कुंभार्ली घाटाने कराडला जा-ये चालू असते. घरचे म्हणतात विकून टाक, पण एवढा माल गिळणारी आणि गल्लीत वळणारी दुसरी गाडी दाखवा, मग विकतो.

तक्रार अशी. चाळीसच्या पुढे गेलं की मागून ‘घूंऽऽ’ सुरू होतं, साठला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पहिला संशय टायरवर घेतला. मागचे पुढे टाकले, आवाज मागेच राहिला. डांबरावरून हायवेच्या काँक्रीटवर आलो तरी सूर बदलत नाही. मग क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधले दातेरी गिअर. तो आवाज ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की चढतो-उतरतो, इथे तसं काही नाही. सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली तरी घूं तेवढंच, वेग कमी होईल तसं उतरतं.

पत्ता वळणावर लागला. डाव्या वळणाला आवाज वाढतो, उजव्या वळणाला जवळजवळ गप्प. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणजे उजवं मागचं.

मग घरीच जॅक लावला. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, एक्सलखाली जॅकच्या जोडीला लाकडी ठोकळे. एक हात पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर) ठेवून दुसऱ्याने चाक फिरवलं की पाट्यात बारीक खरखर लागते. डाव्या चाकाला ती नाही. उजवं चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखट, आणि आत-बाहेरही सरकतं. हे आत-बाहेर मला जास्त खटकतंय.

ड्रम काढला तर आत सगळा चिकटा, ब्रेकचे लायनर भिजलेले. ब्रेक ऑइल नाही, गिअर ऑइल आहे, तो गंधकासारखा वास लपत नाही. हाउसिंगचा, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या पोकळ कवचाचा, ऑइल भरायचा बोल्ट काढून बोट घातलं तर ऑइल दुधाच्या चहाच्या रंगाचं. याचं कारण मला कळतंय. पावसात वाशिष्ठी बाजारपेठेच्या रस्त्यावर आली की निम्म्या चाकाएवढ्या पाण्यातून गाडी काढावी लागते. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं छोटं तोंड) मातीने बुजलेला असेल तर ती सीलमधूनच, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीतूनच, पाणी ओढते.

आता खरी अडचण. एक मेस्त्री म्हणतो, बेअरिंगच्या भानगडीत पडू नका, भंगारातून अख्खा एक्सल आणून टाकू. भंगारातला एक्सल म्हणजे लॉटरी, त्याचं बेअरिंग कधीचं आहे कोण सांगणार? दुसरा म्हणतो बेअरिंग बदलू, पण त्याच्या आतल्या अंगाला जी दाबून बसवलेली कॉलर असते ती हलत नाही, गॅसने कापू. आणि बेअरिंग हाउसिंगमध्ये सैल बसलं तर चार पंच मारून, म्हणजे टोच्याने आत टिंबं उठवून, घट्ट करू.

गॅस चालेल का? पंच मारणं योग्य का? एकच बाजू करू की दोन्ही? आणि या आठवड्यात कराडची एक खेप आहे, ती मारून मग गाडी उघडली तर?

प्रतिसाद

दादा, शेवटचं आधी. नाही. गाडी हलवू नका.

ट्रकच्या मागच्या एक्सलला हब हाउसिंगच्या नळीवर स्वतःच्या बेअरिंगवर बसतो. हाफ शाफ्ट उपसून बाजूला ठेवला तरी ट्रक चाकांवर उभा राहतो. ओम्नीचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. चाक थेट शाफ्टच्या फ्लँजला (टोकाच्या चकतीला), गाडीचं वजन शाफ्टवर, आणि शाफ्टला आत धरून ठेवतात ते हेच बेअरिंग आणि त्यामागची कॉलर. बेअरिंग फुटलं किंवा कॉलर सरकली तर चाक, ड्रम, शाफ्ट सगळं एकत्र बाहेर चालू लागतं. वरून त्या चाकाचा ब्रेक ऑइलने भिजलेला. असल्या गाडीत माल भरून कुंभार्ली उतरायचा?

प्रतिसाद

मी लेथवर काम करतो, असले शाफ्ट येतच असतात. गॅस लावू देऊ नका. कॉलर कापताना शाफ्टला आच लागतेच, आणि ती जिथे लागते तिथेच सगळा भार येतो. शाफ्टचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं की तो दिसायला धड, पण तिथेच मोडतो.

ग्राइंडरने कॉलरची एक बाजू सपाट घासत न्या, शाफ्टला लागायच्या आत थांबा. मग त्या पातळ जागी छिन्नी ठेवून एक सणसणीत घाव, कॉलर तडकते. बेअरिंग पुलरने ओढून घ्या. ते काढण्याआधी फोटो काढून ठेवा, सीलची बाजू कुठे होती ते नंतर आठवत नाही. बसवताना बॅकिंग प्लेट (ड्रममागची, ब्रेक ज्यावर बसतात ती पत्र्याची ताटली) आधी शाफ्टवर चढवायची, मग बेअरिंग, मग नवी कॉलर. बॅकिंग प्लेट टेबलावर विसरून बेअरिंग दाबलं की सगळं पुन्हा तोडायला लागतं, माझ्याकडे असे शहाणे येतात. प्रेसचा दाब फक्त आतल्या रिंगवर. बाहेरच्या रिंगवर दाबलं तर गोळ्यांचे ठसे ट्रॅकवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घूं करतं. जुनी कॉलर परत वापरायची नाही, स्वस्त वस्तू आहे. नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवरून वाचा, दुकानदाराच्या आठवणीवर जाऊ नका.

पंच म्हणाल तर चार टिंबांवर बेअरिंग टेकतं, ती टिंबं चेपली की परत सैल. नवं बेअरिंग हाताने जेमतेम सरकत आत जात असेल तर ठीक. किंचित सैल असेल तर बेअरिंग धरायचं लॉकिंग कंपाउंड मिळतं ते लावा. डुगडुगत असेल तर हाउसिंगला बुश (आत बसवायची धातूची कडी) करावा लागेल, तेव्हा या माझ्याकडे.

प्रतिसाद

लेथवाल्या काकांनी सांगितलं त्यात भर एवढीच. दोन्ही बाजू करा. पाणी हाउसिंगमध्ये शिरलंय, ते डाव्या सीललाही भेटलंय. लायनर दोन्हीकडचे एकदमच बदला. पेट्रोलने धुऊन वाळवलेले परत घातले तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. शाफ्टबरोबर बॅकिंग प्लेट बाहेर येते म्हणून ब्रेकचा पाइप सुटेल, हवा काढणं आलंच. ब्रीदर विसरू नका. हायपॉइड गिअर ऑइल, ग्रेड गाडीच्या पुस्तकातला, भरायच्या भोकातून सांडेपर्यंत. थोडं चालवून एकदा काढून टाका आणि परत भरा, राहिलेलं पाणी निघून येईल.

धागाकर्ता

मंडळी, आभार. कराडची खेप शेजाऱ्याच्या टेम्पोने गेली. उजवा शाफ्ट काढला. कॉलर ग्राइंडर-छिन्नीने तडकली, शाफ्टला ओरखडाही नाही. बेअरिंगच्या आतल्या ट्रॅकवर एका बाजूला खवले निघालेत, गोळ्या गंजून काळ्या. डावं बेअरिंग हातात फिरवलं तर अजून गुळगुळीत, पण सील कडक होऊन गेलेलं, म्हणून तेही बदलतोय. नवं बेअरिंग उजव्या हाउसिंगमध्ये नीट सरकत बसतंय, पंचाचा विषय मिटला.

एकच राहिलं. उजव्या शाफ्टवर सीलचा ओठ घासून रेघ पडली आहे, नख अडकतं. शाफ्टच बदलायचा का?

प्रतिसाद (लेथवाले)

नख अडकलं म्हणून शाफ्ट टाकू नका. बारीक पॉलिश पेपरने शाफ्ट गोल फिरवत कडा मोडा, उभा घासू नका. मग नवं सील जुन्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा, ओठ कोऱ्या जागेवर चालेल. जागा आहे का ते आधी मोजून घ्या. नसेल तर रेघेवर पातळ स्लीव्ह चढवून देतो. सीलची स्प्रिंग ऑइलच्या बाजूला, आणि ओठाला ग्रीस लावूनच शाफ्ट आत घाला. स्प्लाइन (शाफ्टच्या आतल्या टोकाचे दाते) ओठावरून घासत नेऊ नका, नवं सील तिथेच फाटतं.